दोरीला बांधलेली पेन्सिल

२०२५ च्या मे महिन्यात एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता आमच्या वर्कशॉपची तीन माणसं खडकपाड्यातल्या एका सोसायटीच्या पंपरूममध्ये एकमेकांना भेटली. आमच्याकडे माणसं तीनच. दोन फिटर आणि एक वाइंडर. वाइंडरने खरं तर त्या वेळी वर्कशॉपमध्ये वाइंडिंग करत बसायला हवं होतं. तिघंही एकाच फुटव्हॉल्व्हसाठी आले होते. त्याच वेळी शहाडच्या एका सोसायटीत, जिथे मोटार खरोखरच जळली होती, बहात्तर बिऱ्हाडं बादल्या वाजवत आमच्या नावाने शंख करत होती. सेक्रेटरी मला फोनवर विचारत होते, "माणूस निघालाय म्हणालात ना?"

निघाला होता. तिघं निघाले होते.

संध्याकाळी चौकशी झाली. दादाने पहिल्या फिटरला फोन केला होता. मी दुसऱ्याला व्हॉट्सॲप केला होता. वहिनींनी भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहिलं होतं आणि वाइंडर ते वाचून, कर्तव्यबुद्धीने, कुणी न सांगता गेला होता. म्हणजे चूक कुणाचीच नव्हती. आमच्या धंद्यात चूक कधीच कुणाची नसते, म्हणून तर ती सापडत नाही.

"आपल्याला एक कॉमन कॅलेंडर पाहिजे," मी म्हणालो.

दादाने भिंतीकडे बोट केलं. "हे काय आहे मग?"

तेही खरंच. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय काढलं, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या घराघरांत सामायिक कॅलेंडर आहेच. दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, बाईची सुट्टी, सगळं त्या चौकोनांत. आमच्या वर्कशॉपमधल्या कालनिर्णयाच्या खिळ्याला सुतळीने एक पेन्सिल बांधलेली आहे. कुठल्या सोसायटीची एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराची, फेरी कधी, कुणाची मोटार कधी द्यायची, सगळं त्या पेन्सिलीने लिहायचं. पेन्सिल बांधलेली असल्यामुळे ती हरवत नाही. फक्त नोंद करायची तर माणसाला मोहन्याच्या वर्कशॉपपर्यंत यावं लागतं. शहाडच्या पुलावर अडकलेल्या माणसाला त्या पेन्सिलीचा काडीचा उपयोग नसतो.

आमच्या वर्कशॉपची कुळकथा थोडक्यात सांगायला हवी. दादा मोहन्यातल्या एनआरसी कंपनीत मेंटेनन्सला फिटर होता. २००९ साली कंपनी बंद पडली. हजारो घरांचा पगार थांबला आणि मोहन्यात अचानक उद्योजकांचं पीक आलं. कुणी रिक्षा घेतली, कुणी वडापावची गाडी टाकली. दादाला पंपांशिवाय काही येत नव्हतं, म्हणून त्याने पंपांचं वर्कशॉप काढलं. कल्याण-डोंबिवलीला उल्हास नदीचं पाणी मोहिलीहून उपसून जातं. मोहिली म्हणजे आमच्या उंबऱ्याशीच. पाणी इथून निघतं आणि सोसायटीच्या तळटाकीपर्यंत पोचतं. तळटाकीतून गच्चीवर चढवण्याचं उरलेलं पुण्यकर्म आमच्याकडे.

मी तेव्हा आंबिवलीहून रोज सीएसटीला नोकरीला जायचो. निवृत्त झाल्यावर 'तुला कागद कळतात' या एकाच पात्रतेवर दादाने मला धंद्यात घेतलं. त्यामुळे ईमेलचं खातं आपोआप माझ्याकडे आलं.

हा ईमेल २००९ साली बहिणीच्या मुलाने काढून दिला होता. त्यात आधी वर्कशॉपचं नाव, मग 'पंप', मग खाली रेघ, मग सालाचे चार आकडे आणि मग फुकटवाल्या कंपनीचं नाव. हा पत्ता फोनवर सांगणं हा माझा रोजचा व्यायाम.

"नावापुढे अंडरस्कोर."

"म्हणजे काय?"

"खाली रेघ."

"कशाच्या खाली?"

"कशाच्याच नाही. नुसतीच खाली."

"बरं. पुढे?"

"ॲट द रेट..."

"काय रेट लावलाय?"

हा प्रश्न वावगा नाही. आमच्या चलनावर तो शेपटीवाला ए भावासाठीच येतो. बेअरिंग दोन नग, शेपटीवाला ए, साडेचारशे. १९७१ साली रे टॉमलिन्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने ते चिन्ह ईमेलच्या पत्त्यात आणून बसवलं. तोपर्यंत ते दुकानदारांचंच होतं. आमच्याकडे ते अजून पूर्णपणे इंजिनिअरांच्या ताब्यात गेलेलं नाही.

शिवाय आता मोठ्या सोसायट्या कोटेशन मागताना 'कंपनीच्या ईमेलवरून पाठवा' म्हणतात. त्यांच्या कमिटीत आयटीतली तरणीताठी माणसं आलेली आहेत. स्वतःच्या नावाचा ईमेल नसलेला पंपवाला म्हणजे त्यांच्या लेखी फुटपाथवरचा पंपवाला. गंमत अशी की ज्या सेक्रेटरींना ते कोटेशन जायचं, ते स्वतः रेडिफमेलवर. तोही मोठ्या अभिमानाने. "मी नव्वद सालापासून ईमेल वापरतो," असं त्यांनी मला एकदा सांगितलं. विदेश संचार निगमने भारतात लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. पण वर्षानुवर्षं एएमसी देणाऱ्या माणसाच्या पाच वर्षांवर बोट ठेवायचं नसतं.

तेव्हा ठरलं. ईमेल आणि कॅलेंडर, दोन्ही एकाच ठिकाणी, दरमहा पैसे भरून, दुसऱ्याच्या सर्व्हरवर. या व्यवस्थेला 'क्लाउड' म्हणतात हे मी दादाला सांगितलं आणि तिथेच घोडं अडलं. २०१९ च्या जुलैत उल्हास नदी वर्कशॉपमध्ये कमरेएवढी चढली होती. दहा वर्षांच्या डायऱ्यांचा लगदा झाला होता.

"ज्या ढगाने डायऱ्या बुडवल्या," दादा म्हणाला, "त्याच ढगात आता डायऱ्या ठेवायच्या?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मग बैठका सुरू झाल्या. मोहन्यात एखाद्याने नवी मोटारसायकल घ्यायची म्हटली तरी पंधरा माणसं सल्ला देतात. ही तर अदृश्य वस्तू. दादाचे मेहुणे आले. आमचे हिशेब पाहणारे अकाउंटंट आले. बहिणीचा मुलगा आता कॅलिफोर्नियात असतो, तो व्हिडिओ कॉलवर आला. तिघांनी तीन पक्ष घेतले.

भाचा गुगलवाला. त्याचं म्हणणं, प्रत्येकाच्या फोनमध्ये जीमेल आहेच, फिटरला नवं काही शिकवायला नको. जीमेल आलं १ एप्रिल २००४ ला आणि एक जीबी जागा फुकट देतो म्हणालं, तेव्हा लोकांना ते एप्रिल फूल वाटलं होतं, हेही त्याने सांगितलं. मग म्हणाला, "मामा, २०१२ च्या डिसेंबरपर्यंत आपल्या स्वतःच्या नावाचा ईमेलसुद्धा ते छोट्या धंद्यांना फुकट द्यायचे." दादाचा चेहरा पडला. फुकट गेलेल्या गोष्टीपेक्षा फुकट मिळत होती आणि आपण घेतली नाही, त्या गोष्टीचं दुःख मोठं.

अकाउंटंट मायक्रोसॉफ्टवाले. त्यांना एक्सेल हवं. "ईमेल कुठलाही घ्या, पण एक्सेल खरं पाहिजे," असं ते म्हणाले. सध्या ज्या एक्सेलवर ते आमचा हिशेब करतात ते किती खरं आहे, हे विचारण्याची आमची हिंमत झाली नाही.

मेहुणे झोहोवाले, आणि तेही नुकतेच झालेले. चेन्नईची ही कंपनी १९९६ पासून आहे आणि छोट्या धंद्यांसाठी पाच जणांपर्यंतची फुकट योजनाही तिच्याकडे आहे, फक्त ती ब्राउझरमध्ये आणि त्यांच्या ॲपमध्येच चालते. मेहुण्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ऑक्टोबरमध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी आपला ईमेल झोहोवर नेल्याची बातमी आली आणि त्या रात्री मेहुण्यांमध्ये स्वदेशीचं वारं संचारलं. "गृहमंत्र्यांना चालतं, तुम्हाला चालत नाही?" या युक्तिवादापुढे तांत्रिक चर्चा टिकत नाही.

बेअरिंगच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मी तिघांचा तक्ता आखला. जागा किती, दर काय, मोबाइलवर चालतं का, मराठी येतं का. रकाने भरत गेलो तसतसं लक्षात आलं की तिन्ही रकाने जवळजवळ सारखेच. तिघांकडे ईमेल, तिघांकडे सामायिक कॅलेंडर, तिघांकडे दर माणशी, दरमहा. पंपांत निदान सेल्फ प्रायमिंग आणि सबमर्सिबल असा उघड फरक असतो. इथे निवड करायला काही कारणच सापडेना. पाच महिने गेले.

अखेर वहिनींनी चष्मा कपाळावर नेला. धंद्याचे पैसे, पावत्या आणि पेन्सिल त्यांच्याकडे. "भावोजी, मी तीन गोष्टी विचारते," त्या म्हणाल्या. "एक. या सगळ्याची मुख्य किल्ली कुणाकडे राहणार? दोन. माणूस काम सोडून गेला तर त्याच्याकडे आलेली पत्रं कुणाची? तीन. उद्या नाही जमलं तर आपलं सामान घेऊन बाहेर पडता येतं का?"

व्हिडिओ कॉलवर भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "मामी, आमच्या कंपनीत हे विचारायला वेगळा माणूस ठेवलाय."

वहिनींच्या या प्रश्नांमागे अनुभव होता. आमची वेबसाइट ज्या मुलाने करून दिली, त्याने वर्कशॉपच्या नावाचं डोमेन स्वतःच्या ईमेलवर नोंदवलं होतं. नाव आमचं, पैसे आमचे, मालक तो. तो पुढे पुण्याला गेला. नूतनीकरणाच्या सूचना तिकडे जात राहिल्या आणि एक दिवस आमच्या नावाच्या पत्त्यावर भलतंच काही दिसू लागलं. जीएसटीच्या नोंदणीत आमचा म्हणून जो ईमेल होता तो आधीच्या सल्लागाराच्या ऑफिसातल्या मुलीचा. तिचं लग्न होऊन ती नाशिकला गेली. दोन वर्षं सरकार आमच्याशी तिच्यामार्फत बोलत होतं. दुकानाला दोन कुलपं लावून किल्ली कनवटीला ठेवणारी आम्ही माणसं. पण दुकानाचं नाव मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खिशात ठेवून मोकळे झालो होतो.

त्या तीन प्रश्नांवर निवड एका संध्याकाळी झाली. कोणतं घेतलं ते सांगत नाही. सांगितलं तर मेहुणे आणि अकाउंटंट यांपैकी एक जण आमच्याकडे चहा घ्यायचा थांबेल. तसंही तिघांपैकी कुठलंही चाललं असतं. डोमेन आधी आमच्या नावावर आणलं. त्यासाठी त्या मुलाला सतरा फोन करावे लागले आणि त्याच्या घरच्या बोअरवेलचा पंप फुकट दुरुस्त करून द्यावा लागला.

मग लक्षात आलं, पैसे माणसांचे लागतात, नावांचे नाही. 'सर्व्हिस', 'अकाउंट्स', 'चौकशी' अशी नावं एकाच पेटीला अनेक पाट्या लावल्यासारखी जोडता येतात. त्यामुळे कागदावर आमच्या वर्कशॉपची चार खाती झाली. हल्ली सेक्रेटरी फोनवर म्हणतात, "जरा तुमच्या अकाउंट्स डिपार्टमेंटला देता का?" मी फोन वहिनींकडे देतो. त्या बाजारात गेल्या असतील तर थोडं थांबून, आवाज जरा जाड करून मीच बोलतो.

तांत्रिक भागही झाला. आमच्या नावाचं टपाल कुठल्या दारात टाकायचं, ती पाटी म्हणजे एमएक्स रेकॉर्ड. आमच्या नावाने पत्रं टाकायचा अधिकार कुणाला, ती यादी म्हणजे एसपीएफ. आणि पाकिटावरची लाखेची मोहर म्हणजे डीकेआयएम. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने हे नियम कडक केलेत. यादी नाही, मोहर नाही, तर पत्र स्पॅमच्या कचरापेटीत जायला वेळ लागत नाही. आमच्या किती कोटेशनांनी त्या पेटीत देह ठेवला असेल देव जाणे. आम्ही समजत होतो आमचा दर जास्त आहे.

दिवाळी पाडव्याला, मुहूर्तावर, भाच्याने कॅलिफोर्नियातून बसून सगळं चालू केलं आणि महिनाभराच्या एएमसीच्या फेऱ्याही प्रेमाने स्वतःच भरल्या. सगळ्या सकाळी अकराच्या. दुसऱ्या रात्री मला फिटरचा फोन.

"शेठ, साडेअकराला टाकी साफ करायला जायचंय?"

"हो. मग?"

"रात्रीच्या?"

भाच्याने अकरा लिहिले ते त्याच्या घड्याळाचे. त्याचे सकाळचे अकरा म्हणजे मोहन्याचे रात्रीचे साडेअकरा. दादा फोन बघून गंभीरपणे म्हणाला, "रात्रपाळी लावली वाटतं पोराने." त्यातून सावरतो न सावरतो, तोच २ नोव्हेंबरला अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे गेली आणि त्यापुढची प्रत्येक टाकी रात्री साडेबारावर, म्हणजे दुसऱ्या तारखेवर जाऊन बसली. तिकडच्या सूर्याची सोय पाहून तिकडचं सरकार घड्याळ हलवतं आणि त्यापायी खडकपाड्यातली टाकी बुधवारची गुरुवारवर जाते, हे ऐकल्यावर दादाला प्रथमच कॅलेंडरबद्दल आदर वाटला.

दुरुस्ती करायची तर मुख्य किल्ली हवी. मुख्य किल्ली दादाच्या नावावर, कारण मालक तो. म्हणजे ओटीपी दादाच्या फोनवर. दादा त्या वेळी गोदरेज हिलच्या एका तळटाकीत उतरलेला, फोन वर पिशवीत, पिशवीजवळ सोसायटीचा वॉचमन. मी वॉचमनला फोन केला. वॉचमनने वाकून टाकीत हाक मारली. टाकीतून दादाने फोनचा पॅटर्न ओरडून सांगितला. "वरून खाली, मग उजवीकडे, मग तिरपं!" सहा आकडे वॉचमनने मला वाचून दाखवले तोवर त्यांची मुदत संपली होती. तीनदा असं झालं. तिसऱ्या वेळेपर्यंत गच्चीवरच्या बायकांनाही पॅटर्न पाठ झाला होता. सुरक्षिततेचा इतका भव्य कार्यक्रम मी पूर्वी पाहिला नव्हता. त्या रात्री मुख्य किल्लीची दुसरी प्रत वहिनींच्या नावाने काढली. जी गोष्ट पेन्सिलीच्या बाबतीत पंधरा वर्षं आपोआप होत होती, ती कॅलेंडरला पाच महिने, एक भाचा आणि एक वॉचमन लावून शिकवावी लागली.

आता फिटरांना आमंत्रणं जातात. त्यावर तीन उत्तरं देता येतात. येणार, येणार नाही आणि कदाचित. आमचे दोन्ही फिटर प्रत्येक कामावर 'कदाचित' दाबतात. मी एकाला विचारलं, तर तो म्हणाला, "शेठ, रेल्वेचं काय सांगावं? हो म्हटलं आणि टिटवाळ्याला गाडी थांबून राहिली तर आपण खोटे पडतो." तात्पर्य, हे बटण अमेरिकेत कुणी काढलं असो, त्याचा मराठी अर्थ 'बघू' असा आहे आणि 'बघू' म्हणणारा माणूस आमच्याकडे बहुधा वेळेवर येतो. न येणारा 'शंभर टक्के' म्हणतो.

दादाचा विरोध मात्र मावळेना. तो कॅलेंडरमध्ये लिहीना आणि लिहिलेलं बघेना. कारण मला उशिरा कळलं. कालनिर्णयावरचं खोडरबराने खोडता येतं. एखादी फेरी विसरली की दादा ती हळूच पुसून "मुळात ठरलंच नव्हतं" म्हणायचा. नव्या कॅलेंडरमध्ये काम हललं की सगळ्यांच्या फोनवर वर्दी जाते. दादाला पेन्सिलीची ओढ नव्हती. त्याला खोडरबराची होती.

आणखी एक गोष्ट होती. शनिवारी चार ते साडेपाच दादा कुठे असतो, हे कुणालाच ठाऊक नसे. विचारलं की "साइटवर." आता साइट दिसली पाहिजे. वहिनी म्हणाल्या, "लिहा की." दादाने दोन दिवस विचार केला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, काय काम आहे ते न दाखवता नुसतं काम आहे एवढंच दाखवता येतं का?"

येतं. ते मी त्याला करून दिलं. तेव्हापासून दर शनिवारी चार वाजता दादाच्या नावासमोर करड्या रंगाची एक पट्टी दिसते. तिच्यावर एकच शब्द, 'व्यग्र'. भाच्याने कॅलिफोर्नियाहून विचारलं, "मोठ्या मामाची दर आठवड्याला कसली मीटिंग असते?" वहिनी त्याला काही बोलल्या नाहीत. त्यांना पंधरा वर्षांपासून माहीत होतं.

मला परवा कळलं. शनिवारी चारच्या सुमाराला एनआरसीच्या बंद गेटाजवळच्या टपरीवर मी सुटे पैसे घ्यायला थांबलो. बाकावर पाच म्हातारे होते, सगळे एकेकाळचे एकाच पाळीचे. दादा अजून यायचा होता. तेवढ्यात रस्त्याच्या वळणावरून कंपनीचा भोंगा वाजला. तोच, लांब, शेवटी घोगरा होत जाणारा. एका म्हाताऱ्याने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि गुडघ्यांवर हात टेकून तो अर्धा उठलासुद्धा.

वळणावरून दादा आला. खिशातला फोन काढून भोंगा बंद करायला तो धडपडत होता. चारच्या कामाची आठवण म्हणून ते कॅलेंडर दहा मिनिटं आधी वाजतं, आणि कसं वाजायचं ते आपल्याला निवडता येतं.

"बस रे," दादा त्या अर्ध्या उठलेल्या माणसाला म्हणाला, "अजून दहा मिनिटं आहेत."